धुतलेल्या स्पंजाचा खुलासा

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा, दशांशचा नमस्कार. तुमच्या तब्येतीची चौकशी खाली आहे, विसरलेली नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत काही बिघडलं की आधी जे घडलं ते क्रमवार लिहायचं आणि बाकी सगळं नंतर, अशी शिस्त आहे. मला दुसरी शिस्त येत नाही.

१. दिवस पहिला. तुम्ही पाठवलेला, तुमच्या माशांच्या टाकीच्या गाळणीतला स्पंज मिळाला. ओला होता, तपकिरी होता, वास येत होता.
२. त्याच दिवशी. मी तो धुतला.
३. त्याच दिवशी, संध्याकाळी. फोनवर तुम्हाला 'स्पंज बसवला' असं सांगितलं.
४. दिवस दुसरा ते सत्ताविसावा. टाकीतलं पाणी रोज तपासलं. सगळे आकडे शून्य. मी समाधानी.
५. दिवस अठ्ठाविसावा. दुकानदाराने ते आकडे पाहिले आणि खुर्ची ओढून बसला.
६. दिवस तिसावा. टाकीत एक मेलेली कोळंबी सोडली. मुद्दाम.
७. दिवस एक्केचाळिसावा. खालच्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन वर आल्या.
८. दिवस सत्तेचाळिसावा. माझं लग्न ठरल्याचं आईला कळलं. मला त्यानंतर कळलं.
९. आज दिवस अठ्ठावन्नावा, दोन तारीख. टाकी तयार नाही. तुम्ही वीस तारखेला घर सोडताय.

जीवितहानी: काही अब्ज. त्यात मासे नाहीत.

आता खुशाली. गुडघा कसा आहे? उजवा विचारतेय, डाव्याबद्दल तुम्ही 'तो बरा आहे' असं इतक्या वेळा सांगता की त्याच्यावरही माझा संशय आहे. तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून किती वेळा उतरता? बाईसाहेब आणि अहो कसे आहेत? बाईसाहेब अजून पाण्यात हात घातला की चावतात का? (आजवर भेटलेल्या जिवांत भीड न ठेवणारा तो एकच जीव आहे, आणि त्याची लांबी नऊ सेंटिमीटर आहे.) मी बरी आहे. बोटांना मात्र कायम खाऱ्या पाण्याचा वास येतो. सहकाऱ्यांनी त्याबद्दल विचारलेलं नाही. फक्त एकाने आपलं टेबल खिडकीकडे सरकवलं.

मूळ गुन्ह्याकडे येते. तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हे आहे तसं टाक.' मामा, 'टाक' हा फार बेजबाबदार शब्द आहे. टाकीत टाक की टाकून दे? मी दोन्ही अर्थ तपासले. टाकून द्यायचं असतं तर तुम्ही आधी ओल्या फडक्यात, मग दोन पिशव्यांत गुंडाळून पाठवलं नसतं, म्हणजे पहिलाच अर्थ. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढे मात्र मी असं धरलं की 'आहे तसं' हा तुमचा संकोच आहे. पाहुण्याला आपण म्हणतो ना, 'घर आहे तसंच आहे, या', आणि पाहुणा मनातल्या मनात केर काढतो, तसं. मी मनातल्या मनात न थांबता प्रत्यक्षच काढला. आधी नळाखाली तीनदा पिळला. मग जंतुनाशकाच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवला. मग गॅलरीत उन्हात वाळवला. शेवटी हुंगून पाहिला. कसलाही वास नव्हता. मला वाटलं, मामा खूश होतील.

माझ्या पोटापाण्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे. शहराचं पिण्याचं पाणी आमच्या केंद्रातून जातं, आणि त्यात एकही जिवंत जंतू नाही या कागदावर रोज सकाळी साडेनऊला माझी सही असते. सहा वर्षं मी जंतू मारून पगार घेतेय. त्या हातात तुम्ही तुमची अकरा वर्षांची वसाहत दिलीत. चूक माझी आहे. पण माणूस निवडण्यात तुमचीही थोडी आहे, एवढं नोंदवून ठेवते. (आणि मी खोटं बोलले नाही. 'स्पंज बसवला' असं म्हणाले. तो बसवलाच होता. बसवलेल्या वस्तूने जिवंत असायला हवं, असं त्या क्रियापदात कुठेही नाही.)

पुढचे सव्वीस दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत नीटनेटके दिवस होते. पाणी काचेसारखं. मीठ ग्रॅमपर्यंत बरोबर. तापमान रोज तेवढंच. कामावरून आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी तीन नळ्यांत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि वहीत लिहायचं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. मला शून्य आवडतं. शून्य आलं की आमच्याकडे चहा होतो. सत्ताविसाव्या दिवशी मी आलेख काढला. तीन रेघा एकमेकींवर इतक्या अचूक बसल्या की एकच रेघ दिसत होती. तो कागद घेऊन, तुमच्या दोन्ही माशांना कधी आणायचं हे विचारायला, मी दुकानात गेले.

हा दुकानदार फक्त समुद्राचे मासे ठेवतो. गोड्या पाण्याचे मासे मागायला कोणी आलं तर त्याला रस्त्यापलीकडचं दुकान दाखवतो, तेही हनुवटीने. त्याने माझा आलेख हातात घेतला, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, आणि म्हणाला, "मॅडम, अभिनंदन. तुमच्याकडे मिठाचं पाणी आहे."

मी म्हटलं, "सगळं शून्य आहे."

"तेच म्हणतोय. शून्य म्हणजे काम झालं नव्हे, शून्य म्हणजे काम सुरूच झालं नाही. मासा घाण करणार, तिचा अमोनिया होणार. तो खाणारी एक टोळी लागते, ती त्याचं नायट्राइट करते. ते खाणारी दुसरी टोळी लागते, ती त्याचं नायट्रेट करते. पहिली दोन विषं, तिसरं चालतं. शेवटचा आकडा चढलेला दिसला म्हणजे दोन्ही टोळ्या कामावर आहेत. तुमच्याकडे एकही टोळी नाही आणि कामही नाही. टाकी मुरली नाही मॅडम, धुतली गेलीय. काय शिकलात?"

"रसायनशास्त्र," मी म्हटलं. तेव्हा तो खुर्ची ओढून बसला.

मामा, यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत याच साखळीवर मी अठरापैकी सतरा गुण मिळवले आहेत. (गेलेला एक गुण आकृतीचा.) पण परीक्षेतली साखळी शेतातल्या मातीत होती. ती बैठकीच्या खोलीतही लागते, हे मला कोणी विचारलं नव्हतं. त्याने उपायही सांगितला. माशांऐवजी एखादी मेलेली कोळंबी टाकीत सडू द्यायची. तिचा अमोनिया होईल. तो खायला टोळ्या आपण होऊन येतील. "कुठून येतील?" मी विचारलं. "तुम्ही पाण्यावर काम करता ना? ते कुठून येतात हे तुम्हालाच जास्त माहीत." मग निघताना म्हणाला, "घाई करू नका. रोज हात घालू नका. पाणी मुरू द्या."

हा शब्द त्याचा आहे हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या शब्दाने केलं.

कोळंबी मी जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडली. सातव्या दिवशी तिने मोजा सोडला, म्हणजे ती होती पण आकार नव्हता. अमोनियाची नळी पहिल्यांदा पिवळीची हिरवी झाली. दिवसभर ज्या रंगाने आमच्याकडे धोक्याची घंटा वाजते, तो पाहून मी स्वयंपाकघरात जाऊन लाडू मिळालेल्या मुलासारखी एकटीच हसले. घराला मात्र वास सुटला. मी खिडक्या उघडल्या, दारं उघडली, आणि जिन्यातल्या गार हवेत उभी राहून दुकानदाराला फोन केला: "वास येतोय, पण पाणी मुरायला अजून तीन आठवडे तरी लागतील असं दिसतंय."

खालच्या बाई त्याच वेळी लिफ्टची वाट पाहत होत्या. त्या भूमापन कार्यालयातून निवृत्त झाल्यात; जमिनीचा तुकडा पाहिला की अजून डोळा बारीक करतात. लिफ्ट आली आणि रिकामी गेली. दहा मिनिटांनी त्या माझ्या दारात, हातात बादली.

"तुमच्याकडे पाणी मुरतंय?"

"अजून नाही," मी म्हटलं. "प्रयत्न चालू आहेत."

आता मला दिसतं की हे उत्तर वेगळ्या शब्दांत देता आलं असतं. त्यांनी विचारलं, "प्रयत्न?" मी म्हटलं, "हो. महिनाभर पाणी भरून ठेवलं, तरी काही मुरेना. चूक कुठे होती ते आता कळलंय. तीन आठवड्यांत मुरेल." बाई आत आल्या, मोजपट्टी काढली, आणि टाकी भिंतीपासून किती अंतरावर आहे ते मोजलं. मग खाली जाऊन त्यांनी आपल्या छतावरच्या एका जुन्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख लिहिली. रोज संध्याकाळी सहाला त्या रेघ तपासत आणि सव्वासहाला मला येऊन सांगत. "आज वाढ नाही." मी म्हणे, "माझ्याकडेही आज वाढ नाही." नऊ दिवस आम्ही एकमेकींच्या आकड्यांचं असं सांत्वन केलं. दहाव्या दिवशी त्यांनी 'मुरणे म्हणजे नक्की काय' असा सरळ प्रश्न विचारला. उत्तर ऐकून बादली उपडी केली, तिच्यावर बसल्या आणि टाकीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे एवढा वास, एवढा पसारा, आणि आत बघायला काहीच नाही?"

"दोन टोळ्या आहेत. दिसत नाहीत."

"आमच्या कार्यालयात होत्या तशा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या सव्वासहाला येतात त्या नळीचा रंग बघायला. माझ्यापेक्षा त्यांचा डोळा चांगला आहे. मी जांभळं म्हणते तिथे त्या 'जांभळं, पण उतरतीचं' म्हणतात.

आई राहिली. तुमची बहीण असल्यामुळे तुम्ही तिला ओळखता. माझी आई असल्यामुळे मला ती सूट नाही. दीड महिना मी रविवारी तिच्याकडे गेले नाही. तिने कारण विचारलं की मी 'घरी काम आहे' म्हणत असे. हे उत्तर खरं असतं, पण खरं वाटत नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी मी थकले होते आणि (माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं) फोनवर पूर्ण वाक्यांत बोलले. म्हणाले, "आई, मला काळजी अहोंची नाही. अहो शांत आहेत, कुठेही राहतील. बाईसाहेब रागीट आहेत. त्यांना जागा लहान पडली तर त्या पहिल्यांदा अहोंवरच राग काढतील."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग आई म्हणाली, "मला माहीतच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"नाही ना मुरत!" मी म्हटलं. "तीच तर अडचण आहे."

आता तुम्हीच सांगा, मामीने त्या माशाचं नाव 'अहो' ठेवलं ही माझी चूक आहे का? तुमच्या घरात ते चालून जायचं. स्वयंपाकघरातून हाक आली की तुम्ही दोघंही तोंड वळवायचात, आणि ती म्हणायची, "ज्याने आधी पाहिलं त्याने यावं." पण आईला तुमच्या माशांची नावं कधी ठाऊकच नव्हती. तिच्या लेखी ते 'दादाचे मासे', एकवचन असल्यासारखे. तिने शांतपणे विचारलं, "काय करतात?" मी म्हटलं, "दिवसभर दगडापाशी असतात." "खाणीत?" "आई, ते पोहतात." तर आईने धरलं की पोहण्याचे शिक्षक. पुढे सासू बरोबरच राहणार का, असंही विचारलं, आणि मी उत्तर दिलं, "दोघांना वेगळं करता येत नाही, बाईसाहेबांशिवाय अहो जेवत नाहीत." हे ऐकून आई रडली. खुलासा करायला मला बावीस मिनिटं लागली. खुलाशानंतर ती पुन्हा रडली, आणि मला वाटतं दुसऱ्या वेळी जास्त.

तर आजची स्थिती. अमोनिया एक्कावन्नाव्या दिवसापासून शून्य आहे, आणि हे शून्य कमावलेलं आहे. पहिली टोळी कामावर आहे. नायट्राइट मात्र जांभळं, उतरतीचं असो वा नसो. दुसरी टोळी आलेली नाही. वीस तारखेच्या आत ती आली नाही, तर बाईसाहेब आणि अहो यांना दुकानात ठेवावं लागेल. दुकानदाराने 'ठेवतो' म्हटलंय. पण त्याच्याकडे त्यांची जोडी राहील याची खात्री तो देत नाही, कारण ते दुकान आहे. तुम्ही ज्या वृद्धाश्रमात जाताय तिथल्या नियमात प्राणी नाहीत, आणि मासे प्राणी धरतात का हे तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनी यादी वाचून 'धरतात' असं सांगितलं, हे आईने मला सांगितलं. तुम्ही सांगितलं नव्हतं.

मामी गेली तेव्हा मी दोन दिवस तुमच्याकडे होते. त्या दोन दिवसांत मी मोरीच्या नळाचं वॉशर बदललं आणि गॅसची नळी बदलली. बोलले काही नाही. निघताना तुम्ही म्हणालात, "या दोघांना तू घेशील का?" आणि मी 'हो' म्हटलं. तो एकच शब्द मी तुमच्याकडे ठेवून आलेय, आणि तो खरा करणं माझ्याकडून स्पंज धुऊन सुरू झालं, याची मला लाज वाटते. तीस वर्षं बसडेपोत तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगत आलात. तुमच्या टाकीची एकही नोंद नाही, एकही आलेख नाही, आणि तिच्यात दोन जीव अकरा वर्षं मजेत आहेत. माझ्याकडे चार वह्या आहेत आणि एक कोळंबी होती.

गुडघ्याला जपा. जिन्यावरून उतरताना कठडा धरा. तुम्ही धरत नाही, हे मला माहीत आहे.

तुमची,
दशांश

ता. क. १: खरं काम लिहायचं राहिलं. तुमच्या टाकीतला एखादा दगड मिळेल का? धुतलेला नको. (हे मी लिहितेय.) त्यावर दुसरी टोळी नक्की असणार, तो माझ्या टाकीत ठेवला तर वेळ वाचेल. फक्त तो पार्सलने पाठवू नका, वाटेत वाळला तर सगळे मरतील. टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकणाच्या बादलीत, माणसाने हातात आणायला हवा. बादली फार हलता कामा नये, म्हणून अनुभवी माणूस हवा. म्हणजे तुम्ही. मी गाडी घेऊन येईन, बादली मीच उचलेन. तुम्ही फक्त शेजारी बसून तिच्यावर लक्ष ठेवायचं. एक-दोन दिवस राहावं लागेल, कारण दगड बसला की नाही हे मला कळणार नाही.

ता. क. २: पाच तारीख. पाकीट नव्हतं म्हणून पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं. आज सव्वासहाला नायट्राइटची नळी निळी झाली. खालच्या बाईंनी खिडकीपाशी नेऊन पाहिली, मी दिव्याखाली पाहिली, आणि मग आम्ही दुसऱ्या नळीत पुन्हा केली. नायट्राइट शून्य, अमोनिया शून्य, नायट्रेट वीस. दुकानदार फोनवर म्हणाला, ते असंच उतरतं, एकदम. टाकी मुरली. बाईसाहेब आणि अहो केव्हाही येऊ शकतात, आणि त्यांना आणायला दुकानदार स्वतःची गाडी आणि डबे पाठवायला तयार आहे. म्हणजे दगड नको, बादली नको, अनुभवी माणूसही नको. नियमाप्रमाणे ता. क. १ रद्द करून त्यावर सही करायला हवी.

ता. क. ३: ती मी केलेली नाही. आता तुम्हाला बोलावण्यासाठी माझ्याकडे एकही तांत्रिक कारण उरलेलं नाही, आणि कारणाशिवाय कसं बोलवायचं हे मला नीट येत नाही, म्हणून सरळ लिहिते. तुम्ही तिकडे जाऊ नका. माझ्याकडे राहायला या, दोन दिवस नव्हे, कायमचं. मागची खोली रिकामी केली आहे. खिडकी पूर्वेला आहे. लिफ्ट आहे, गेल्या वर्षात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा तासाभरात सुरू झाली. मोरीत धरायला दांडी बसवली आहे आणि तिला लोंबकळून पाहिलं आहे. माझा स्वयंपाक बेचव असतो, तो तपशील लपवत नाही. मी फारसं बोलत नाही, पण कोणी घरात बोलत असलं तर मला चालतं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण ती तुम्हाला भरीस पाडेल, आणि हे तुम्ही कोणाच्या भरीस पडून ठरवू नये.

तुमची तिथली सही पंधरा तारखेला आहे. चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत हो की नाही, एवढं कळवा.